मेंढा दिसला, असं आजोबा म्हणाले

प्रिय समीर आणि शिल्पा,

गेल्या रविवारच्या फोनवर समीरने आजोबांना विचारलं, की कॅन्यनमधल्या त्या रानमेंढ्याची शिंगं खरंच कानामागून फिरून पुढे येतात का. आजोबांनी त्याला पुष्कळ सांगितलं. शिंगं कशी वळलेली होती, त्यांवर आडव्या वळ्या कशा होत्या, मेंढा मान वर करून कसा उभा होता. समीर तिकडून "वाव, आजोबा!" म्हणत होता ते मला इकडे बाजूला बसून ऐकू येत होतं.

 फोन ठेवल्यावर आजोबा म्हणाले, "मी त्याला सांगितलं ते आपल्या सुनेच्या कॅलेंडरमधलं चित्र होतं."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"तुम्ही 'दिसला' म्हणालात तेव्हापासून."

त्या सहलीला दोन वर्षं झाली; आम्ही दोघं एकाच घरात राहतो, पण ही गोष्ट आमच्यात एकदाही निघाली नव्हती. ते हसले, पण नंतर म्हणाले, "पोरगा आता शाळेत सांगेल, माझ्या आजोबांनी पाहिला म्हणून. ते काही बरं नाही. तू लिही त्याला काय झालं ते. सविस्तर लिही. आणि मराठीत लिही, त्याची आई वाचून दाखवेल."

म्हणून हे लिहिते आहे. लिहून झालेलं त्यांना रोज संध्याकाळी वाचून दाखवते, आणि ते मध्येमध्ये दुरुस्त्या सांगतात. काही मी मानल्या आहेत, काही नाही.

आम्ही सन पंच्याऐंशीच्या मे महिन्यात अमेरिकेत, ईडन प्रेरीला तुमच्याकडे होतो. शिल्पा, तुला तेव्हा कांजिण्या झाल्या होत्या, आणि समीर, तू तिच्या अंगावरचे फोड मोजायचास. त्यामुळे तुम्ही दोघं आणि तुमची आई घरी राहिलात, आणि तुमचा बाबा आम्हाला मेंढा पाहायला घेऊन गेला.

मेंढाच का

आजोबांनी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात आयुष्य घालवलं, हे तुम्हाला माहीत आहे. केसाएवढी रेघ हात न थरथरता ओढणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांना वर्तमानपत्रातली ओळ मध्येच पुसल्यासारखी दिसू लागली. बाबाने त्यांना मिनिआपोलिसच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते डॉक्टर फार सभ्य होते. त्यांनी कागदावर डोळा काढून समजावलं, की पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. सरळ समोर जे बघाल ते हळूहळू नाहीसं होईल. याला औषध नाही. वर्ष-दीड वर्ष बऱ्यापैकी दिसेल, त्यात जे पाहायचं असेल ते पाहून घ्या.

 परत येताना गाडीत बाबाने विचारलं, "बाबा, तुम्हाला काय बघायचंय? नायगारा? न्यूयॉर्क? सांगा, आपण जाऊ."

आजोबा म्हणाले, "तो तुमच्या स्वयंपाकघरातला मेंढा."

बाबाला आधी कळेचना. मग लक्षात आलं, की तुमच्या फ्रिजशेजारी टांगलेल्या कॅलेंडरवर त्या महिन्याचं चित्र होतं. तांबडा कडा, आणि त्या कड्याच्याच रंगाचा एक रानमेंढा. चित्राकडे दोन वेळा पाहावं तेव्हा तो खडकातून वेगळा होई. आजोबा रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन तिथे उभे राहत. म्हणत, "काढणाऱ्याने काय काढलाय! रेघ कुठे संपते कळत नाही." हा कोणी काढलेला नसून फोटो आहे असं मी सांगितलं, तर म्हणाले, "मी त्या वरच्याबद्दल बोलतोय." त्यांनी असा विनोद केला म्हणजे त्यांना ते फार आवडलेलं असतं.

देशकरांकडे

हे मेंढे यूटा राज्यात, कॅन्यनलँड्स नावाच्या वाळवंटी पार्कात असतात. तिथून दोन-तीन तासांवर कोलोरॅडोत डॉक्टर देशकर राहत. ते बाबाच्या कॉलेजातल्या मित्राचे थोरले भाऊ, मूळचे नागपूरचे, वीस वर्षं अमेरिकेत. बाबाने फोन केला तर म्हणाले, "मोटेल-बिटेल मी पाहतो. गाडी माझी. काका-काकूंना घेऊन ये फक्त."

निघण्याआधी आजोबांनी बाबाला बजावलं, "माझ्या डोळ्यांचं तिथे काढायचं नाही. पाहुणे म्हणून जायचं आणि आपलं दुखणं त्यांच्या पानात वाढायचं, हे मला चालणार नाही."

"अहो बाबा, ते डॉक्टर आहेत!"

"हाडांचे," आजोबा म्हणाले, आणि विषय संपला.

मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं. आपल्याकडे असंच करतात. ज्याच्या घरी उतरायचं त्याला आपली काळजी करायला लावायची नाही.

देशकर उंच, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. कुसुमताई त्यांच्या खांद्याएवढ्या. पँट आणि शर्ट घालत, पण कपाळावर ठसठशीत कुंकू. त्या गावात दुसरं मराठी घर नव्हतं. आमच्याशी मराठी बोलताना त्या इतक्या भरभर बोलत, की जणू कोणीतरी मध्येच थांबवणार आहे. आम्ही गेलो त्याचा त्यांना झालेला आनंद खरा होता. पुढे जे लिहिते आहे ते वाचताना हे विसरू नका.

पार्काच्या दाराशी

दुपारी निघून सूर्य कलताना आम्ही पार्कात पोचलो. आपल्या साताऱ्याचे डोंगर उन्हाळ्यात करपतात, पण दोन पाऊस झाले की हिरवे होतात. हे डोंगर कधीच हिरवे झाले नसतील. सगळीकडे तांबडा आणि पिवळसर पांढरा दगड, एकावर एक थर दिलेला, आणि त्यातून वर आलेले सुळके, शेकड्यांनी. त्यांच्यामध्ये सपाट वाळूचे ओढे, पाणी नसलेले. हवा इतकी कोरडी की ओठांवर जीभ फिरवली तरी लगेच ओठ सुकत. बुटक्या वाकड्या झाडांचा वास मात्र गोड. पेन्सिलीला टोक करताना येतो तसा. आजोबा एका झाडाशी थांबले, पान चुरगळलं आणि म्हणाले, "ऑफिस."

माहिती केंद्रात एक तरुण रेंजर मुलगी होती, रुंद काठाची टोपी घातलेली. तिने नकाशा उलगडून आम्हाला एक जागा दाखवली. दोन कड्यांच्या मध्ये, वाळूच्या ओढ्यात, खडकाच्या खळग्यात पाणी साठून राहतं. उजाडता उजाडता माद्या पिल्लांना घेऊन तिथे उतरतात, कधी कधी मोठा नरही येतो. पलीकडच्या सपाट दगडावर गप्प बसायचं. "या भिंतीइतके जवळ येतात," असं म्हणून तिने हात लांब करून भिंतीला लावला. "पण ऊन पाण्यावर आलं की गेले. मग दिवसभर वर, तुम्हाला ठिपके दिसतील."

आजोबांनी तिला विचारलं, "इतके जवळ असले तर डोळेसुद्धा दिसतात?"

"डोळे पिवळे असतात," ती म्हणाली. "दिसतात."

बाहेर आल्यावर आजोबांनी मला हळूच सांगितलं, "एवढं जवळ असेल तर मला जमेल. जरा तिरकं बघितलं की जमतं."

पहाटे चारला निघायचं ठरलं. देशकर म्हणाले, "चार म्हणजे चार!"

मोटेलमधली पहाट

आम्ही उठलो तेव्हा कुसुमताई केव्हाच्या उठलेल्या होत्या. त्यांनी विजेची शेगडी आणि छोटी कढई बरोबर आणली होती. मोटेलमध्ये स्वयंपाक करायला बंदी होती, म्हणून खिडकी उघडून, पंखा लावून, त्या बाथरूमच्या दारात उकिडव्या बसून पुऱ्या तळत होत्या.

"अहो, कशाला एवढं?" मी म्हटलं.

"काकू, उपाशीपोटी पाठवू का तुम्हाला? आणि बाहेर काय मिळणार आहे तिथे, दगड?"

दोन खोल्या होत्या, पण एकीतला नळ बिघडलेला, त्यामुळे न्हाणी सगळ्यांत एकच. देशकर टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे. "काका, तुम्ही आधी."

"छे छे, तुम्ही आधी. तुमची पूजा असते."

"नाही न हो काका, तुम्ही वडीलधारे. तुमच्या आधी मी कसा जाऊ बाप्पा?"

"मला काही घाई नाही."

हे वाक्य आजोबा त्या सकाळी किती वेळा बोलले कोणास ठाऊक. ते बूट घालून, दुर्बीण गळ्यात अडकवून, पलंगाच्या काठावर बसलेले होते. त्यांना अंघोळ नकोच होती. पण देशकर अंघोळ केल्याशिवाय निघणार नाहीत हे दिसत होतं, आणि वडीलधाऱ्या माणसाआधी न्हाणीत शिरणारही नाहीत. शेवटी आजोबांनी बूट काढले आणि अंघोळ केली. मग मी. मग अविनाश, म्हणजे तुमचा बाबा, त्याला देशकरांनी ढकललंच. मग देशकर. तोवर गरम पाणी संपलं होतं, म्हणून ते पुन्हा येईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी एका डब्यातून आणलेला गणपती टेबलावर ठेवून पूजा केली. त्यानंतर चहा. चहा झाल्यावर कुसुमताई म्हणाल्या, "पाणचट झाला का हो? दुसरा टाकते."

मी म्हणायला हवं होतं, नको. मी म्हणाले, "छान झालाय." तो मला आणखी हवा आहे असं वाटून त्यांनी दुसरा टाकला.

बाबाने मला जिन्यात गाठलं. "आई, इट्स गेटिंग लेट. तू सांग ना त्यांना."

"मी काय सांगू? त्यांची गाडी, त्यांचं आमंत्रण. तू सांग, तू त्यांच्या ओळखीचा."

"मी लहान आहे गं! मी त्यांना सांगू, पूजा कॅन्सल करा म्हणून?"

आम्ही दोघं आत गेलो. पलंगाच्या काठावर आजोबा पुन्हा बूट घालून बसले होते. खिडकीतून बाहेरचा काळोख निळा होऊ लागला होता. तो फरक त्यांनाही दिसत होता. अंधार-उजेड त्यांना चांगला कळतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी देशकरांकडे, आणि देशकरांनी हातातला कप उंचावून विचारलं, "काय मग काका? निघायचं न?"

"तुमचं आटोपलं की," आजोबा म्हणाले. "आपली काही घाई नाही."

(इथे आजोबांनी लिहायला सांगितलं आहे, की पुऱ्या उत्तम झाल्या होत्या. झाल्या होत्या.)

गाडीतूनच सूर्य उगवताना दिसला. सगळा दगड एकाएकी पेटल्यासारखा झाला. कुसुमताई मागे वळून म्हणाल्या, "काय सनराइज आहे हो! आपलं नशीब!" मला तिकडे बघवेना. तो उजेड खाली खाली सरकत कुठे जाणार आहे ते मला दिसत होतं.

पाण्यापाशी

गाडी ठेवून वाळूतून चालायचं होतं. मी पदर खोचला होता आणि पायात तुमच्या आईचे कॅनव्हासचे बूट होते. वाट दाखवायला जागोजाग दगडावर दगड रचून ठेवलेले. एक लांब कानांचा ससा आमच्यापुढून पळाला. आपल्या सशापेक्षा दुप्पट मोठा, आणि उन्हात त्याचे कान आरपार गुलाबी दिसत. एक सरडा गळ्याभोवती काळी पट्टी बांधल्यासारखा, खडकावर जोर काढत होता. दोन मोठे कावळे कड्यावरून घोगऱ्या आवाजात ओरडले. देशकर प्रत्येक गोष्ट आजोबांना दाखवत, "काका, तो बघा! काका, इकडे!" आणि आजोबा "वा, वा" म्हणत. सरडा जवळ होता, तो त्यांना दिसला. मान एका बाजूला करून त्यांनी तो नीट पाहिला. त्या दिवशी त्यांनी खरोखर पाहिलेली जनावरं म्हणजे तो सरडा आणि कडेने पळताना दिसलेला तो ससा.

खळग्यातल्या पाण्यावर ऊन येऊन पडलेलं होतं.

पलीकडच्या सपाट दगडावर एक म्हातारं अमेरिकन जोडपं आपल्या घडीच्या खुर्च्या मिटवत होतं. बाई थर्मासमधली उरलेली कॉफी वाळूत ओतत होती. आम्हाला पाहून तिचा चेहराच पडला.

"अरेरे, आत्ताच गेले! तुम्हाला वाटेत भेटले नाहीत? नऊ-दहा असतील. एक पिल्लू तर एवढ्याएवढ्यावर आलं. आणि तो मोठा नर, तो शेवटी आला, पाणी प्यायला आणि आमच्याकडे बघत राहिला."

तिच्या नवऱ्याने सांगितलं, की ते दोघं अंधारात बॅटरी घेऊन आले. त्यांच्याबरोबर मुलगा आणि सूनही होती, पण ती उठली नाहीत, म्हणून झोपू दिलं. "ज्याला यायचं होतं तो आला," असं तो सहज म्हणाला. त्यात राग नव्हता. आपल्यात कोणाला मागे ठेवून असं निघणं जमलं नसतं.

आजोबा पाण्याकडे गेले. ओल्या वाळूत खुरांचे ठसे होते, दुभंगलेले, काही अगदी लहान. ते गुडघे टेकून खाली बसले आणि त्यांनी एका ठशात बोटं घातली. त्यांची बोटं अजून चांगली आहेत. नकाशाच्या कागदावरची रेघ ती स्पर्शाने ओळखत.

"ओला आहे," ते म्हणाले. मग दुसऱ्या ठशात हात ठेवला. "हा मोठ्याचा."

देशकर म्हणाले, "हात्तिच्या! थोडक्यात चुकलं! पण काका, काही फिकीर नाही, वर दिसतीलच. अख्खा दिवस पडलाय."

बाबा त्या जोडप्याकडे पाठ करून उभा होता. मी त्याच्या जवळ गेले तर तो हळू, पण दात आवळून म्हणाला, "दोन चहा, आई. दोन." मी त्याला गप्प केलं. कुसुमताई चार पावलांवर होत्या.

कपारीतलं जेवण

दुपारपर्यंत आम्ही पुष्कळ चाललो. ऊन डोक्यावर आलं की तिथे सावली म्हणजे फक्त कड्याच्या पोटातली कपार. अशा एका कपारीत कुसुमताईंनी चादर पसरली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं, आणि बर्फाच्या पेटीत आणलेला दहीभात. बाहेर वाळू तापून डोळे दिपवत होती आणि आत आम्ही गार दहीभात खात होतो. याहून चांगलं जेवण मी अमेरिकेत जेवले नाही. त्याच वाटेने जाणारी दोन मुलं थांबून बघू लागली, तर कुसुमताईंनी त्यांच्याही हातावर पुरी-भाजी ठेवली. तिखट लागून एकाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने दुसरी मागून घेतली.

जेवून उठताना माझा तोल गेला आणि मी हात टेकला तो निवडुंगावर. बारीक, केसासारखे काटे. देशकरांनी माझा हात मांडीवर घेऊन एकेक काटा चिमट्याने काढला, आणि तोंडाने चालूच, "काकू, हाडाला काही झालं असतं तर एका मिनिटात जमवलं असतं. हे काटे म्हणजे आपली लाइन नाही." इतका भला माणूस. तेव्हाच मी त्यांना सांगून टाकलं असतं तर? आजोबा समोर बसलेले होते. मी नाही सांगितलं.

कड्यावरचा

परत फिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाबा पुढे चालत होता. तो एकदम थांबला आणि त्याने हात वर केला.

"बाबा! तिथे! त्या काळ्या पट्ट्याच्या वर!"

मी पाहिलं. उंच कड्यावर, पाणी ओघळून झालेल्या काळ्या पट्ट्याच्या जरा वर, एका अरुंद धारेवर तो उभा होता. दगडाच्याच रंगाचा. त्याने डोकं हलवलं तेव्हा शिंगांचा बाक आकाशावर उमटला. इतका शांत होता, की खालचं सगळं जग त्याच्या ओळखीचं असावं.

मग सगळेच आजोबांना दाखवू लागले. "काका, पट्टा दिसतो न? त्याच्या उजवीकडे." "जरा वर, काका." "बाबा, दुर्बिणीतून बघा, फोकस करा, त्या झुडपाच्या डावीकडे." कुसुमताई कुजबुजत होत्या, "हळू बोला, हळू, पळेल." आजोबांनी दुर्बीण लावली, काढली, पुन्हा लावली. मी त्यांच्या शेजारी उभी होते. दुर्बिणीचं तोंड कुठे वळलं आहे ते मला दिसत होतं. तिथे नुसती भिंत होती.

"दिसला?" बाबाने विचारलं. त्याचा आवाज ऐकायला हवा होता. लहानपणी परीक्षेचा निकाल सांगताना यायचा तसा.

"दिसला," आजोबा म्हणाले. "वा! काय शिंगं आहेत!"

देशकरांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "झालं न बाप्पा! आलो ते सार्थक झालं!" त्यांनी आपल्या झटपट फोटो निघणाऱ्या कॅमेऱ्याने कड्यावरच्या मेंढ्याचे दोन फोटो काढले. बाबाने डोळे पुसले आणि ऊन लागल्याचं निमित्त केलं.

मी त्यांचा हात धरून दुर्बीण थोडी वळवू शकले असते. पण मग सगळ्यांना कळलं असतं. आणि वळवूनही इतक्या लांबचं त्यांना दिसलं असतं का, हे मला ठाऊक नाही. परवा त्यांना हे वाचून दाखवल्यावर विचारलं, तर म्हणाले, "नसतंच दिसलं. पण तू वळवली असतीस तर बरं वाटलं असतं."

फोटो

गाडीपाशी आल्यावर देशकरांनी एक फोटो आजोबांच्या हातात दिला. "घ्या काका, आठवण." आजोबांनी तो डोळ्यांच्या बाजूला धरून तिरका केला, आणि म्हणाले, "सुरेख आलाय."

फोटो उलटा होता. आकाश खाली होतं.

देशकर दोन क्षण बघत राहिले. मग त्यांचा तो मोठा आवाज एकदम खाली आला. "काका, हे कधीपासून?"

आजोबांनी फोटो खिशात ठेवला. मग बाबानेच सांगितलं सगळं, मिनिआपोलिसचे डॉक्टर, झिजलेला पडदा, कॅलेंडर. देशकर गाडीच्या बॉनेटला टेकून ऐकत होते. कुसुमताईंनी तोंडाला हात लावला.

"काहून नाही सांगितलं मला?" देशकर म्हणाले. "अविनाश, तू तरी! मी इथे अंघोळी करून राहिलो, पूजा करून राहिलो... गणपतीला गाडीत बसवून आणला असता न मी! बिना अंघोळीचा आलो असतो!"

"तुम्हाला कशाला त्रास," आजोबा म्हणाले.

"त्रास?" देशकर एवढंच बोलले. मग ताठ झाले. "उद्या. उद्या परत येऊ. तीनला निघू. कुसुम, चहा नाही, काही नाही. उद्याची ऑपरेशनं मी पुढे ढकलतो, आत्ता फोन करतो."

बाबा म्हणाला, "मी पण फ्लाइट बदलतो, बाबा. एक दिवस. ऑफिसचं मी बघेन."

मी आजोबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते हो म्हणतील. त्यांचे ओठ हललेसुद्धा.

"नको," ते म्हणाले. "माणसं हाडं मोडून तुमची वाट बघत पडली असतील. एका मेंढ्यासाठी त्यांना ताटकळवायचं? आणि मी पाहिला ना. पाहिला मी."

देशकरांनी पुष्कळ आग्रह केला. चहाचा आग्रह आपण मोडू शकत नाही, पण हा आजोबांनी मोडला. आम्ही गाडीत बसलो. परतीच्या वाटेवर कुसुमताई माझा काटे टोचलेला हात धरून बसल्या होत्या.

साताऱ्याला

देशकर अजून दर दिवाळीला फोन करतात. आजोबांशी बोलताना उगाच मोठ्याने हसतात. शेवटी मला फोन द्यायला सांगतात आणि विचारतात, "काकू, डोळे?" मी सांगते. ते "हं" म्हणतात आणि फोन ठेवतात.

त्या दिवशी कोणीच वाईट वागलं नाही, हेच मला जास्त लागतं. कोणी भांडलं असतं, कोणी आळस केला असता, तर त्याच्यावर रागावता आलं असतं. आम्ही सगळे एकमेकांना जपत होतो. आम्हा तिघांपैकी एकाने जरी म्हटलं असतं, "आम्हाला घाई आहे," तरी पुरलं असतं. तीन शब्द. मी शाळेत मुलींना वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं, कितीतरी वाक्यं फळ्यावर लिहून घेतली, पण हे एक मला दोन्ही भाषांत बोलता आलं नाही.

तुम्ही तिकडे वाढता आहात. समीर जेवताना "आय वाँट धिस" म्हणायचा, तेव्हा मी नापसंतीने तुमच्या आईकडे बघायची. आता बघणार नाही. मोठ्यांचा मान ठेवा, पाहुण्याला चहा विचारा, ते सोडू नका. पण एखादी गोष्ट फार हवी असेल तर ती हवी म्हणून सांगा, आणि वेळेवर सांगा.

समीर, शाळेत सांगायचं असेल तर हे सांग, की मेंढा आजीने पाहिला, बाबाने पाहिला. आजोबांनी त्याचा ओला ठसा हाताने पाहिला. एक ससा आणि एक सरडा त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

तुम्ही डिसेंबरात येणार आहात. आजोबांना आता वाचता येत नाही, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. तिथे धुरकट डाग दिसतो, असं ते म्हणतात. तेव्हा आल्या आल्या त्यांच्या पुढ्यात उभे राहू नका. त्यांच्या डाव्या बाजूला, जरा पुढे, खांद्याशी उभे राहा. डॉक्टरांनी सांगितलं आहे की कडेचं जाणार नाही, आणि ते अजून गेलेलं नाही. तिथे उभं राहिलेलं माणूस त्यांना दिसतं.

तुमची,
आजी